फासे हातात देऊ नयेत

असले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बेसमेंटसारखंच असतं ते. आपण खाली काही नेऊन ठेवल्याचं आठवत नाही, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते. आमची इथली, कॅनडातल्या विंडसरची चार मराठी डोकी एकत्र जमली की कुणीतरी म्हणतंच, "माधव, तो फाशांचा किस्सा सांग ना." एक सांगितला की मला पुढचेही सांगावे लागतात, कारण पहिल्यावर लोक हसतात, आणि हसले की माझं डोकं फिरतं.

आधीच सांगून ठेवतो. मी गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. तेव्हा मला अंधश्रद्धाळू वगैरे म्हणायच्या आत सगळं ऐकून घ्या.

*

सुरुवात श्रीने केली. श्रीकांत म्हणजे माझा पुण्यापासूनचा मित्र, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका विंटरमध्ये त्याने कुठलासा व्हिडिओ बघितला आणि त्याच्या डोक्यात शिरलं की फासे नशिबाने पडत नाहीत, हाताने पडतात.

कॅसिनोत क्रॅप्स नावाचा खेळ असतो. लांबलचक टेबलावर दोन फासे फेकायचे, ते पलीकडच्या भिंतीला लागून पडले पाहिजेत. एक आकडा ठरतो, तो परत येईपर्यंत फेकत राहायचं. मध्येच सात आला की खेळ खलास. म्हणजे सगळा आटापिटा सात टाळायचा. त्यासाठी फासे ठरावीक बाजूंनी जुळवायचे, तीन बोटांनी वरून अलगद धरायचे आणि असे सोडायचे की दोन्ही जोडीने गिरक्या घेत जातील. श्री म्हणायचा, "रियाज आहे रे. गळा तयार होतो तसा हात तयार होतो."

त्याने बेसमेंटमध्ये प्लायवूडचं टेबल ठोकलं, वर हिरवं फेल्ट लावलं, समोरच्या फळीला खडबडीत रबर चिकटवलं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघं खाली. श्री, मी आणि दामलेकाका. काकांनी आयुष्य हॅमिल्टनच्या स्टीलच्या कारखान्यात काढलं, आणि रिटायर झाल्यावर मुलाजवळ विंडसरला आले. त्यांना फाशांशी देणंघेणं नव्हतं. घरात सून सिरियल लावते म्हणून यायचे.

पण पहिला नियम काकांनीच घातला. कॅसिनोतले जुने लोक टेबलाशी 'सात' उच्चारत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "आपल्या गावाकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेतात का?" काका म्हणाले. "जनावर म्हणतात. आपणही जनावर म्हणायचं."

झालं, सात म्हणजे जनावर. श्रीने फासे टाकले आणि सात पडला की आम्ही म्हणायचो, "निघालं जनावर." काकांच्या तोंडी ते इतकं बसलं की इंडियन ग्रोसरीत काउंटरवरच्या मुलीने नारळ किती म्हणून विचारलं तर म्हणाले, "सिक्स. अँड वन मोअर."

मला असल्या गोष्टींची चीड येते. एका रविवारी श्री फासे टाकत असताना मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "सात." सात पडला. पुन्हा म्हणालो, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर काकांनी त्यावर चक्क हात ठेवला.

"काका, योगायोग आहे," मी त्यांचा हात काढत म्हणालो.

"असेल ना," काका म्हणाले. "मग चालू दे त्याचं. तू कशाला हाका मारतोस?"

*

आता वैशालीवहिनी. श्रीची बायको. डेंटल हायजिनिस्ट आहेत, म्हणजे लोकांच्या दातांवरचं कीटण बारीक हत्यारांनी साफ करायचं. फार नाजूक काम. माझे दात त्यांनीच साफ केलेत, हिरडीला कधी टोचलं नाही. त्या सकाळी कामाला जायला खरोखर उत्सुक असायच्या. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या विंटरमध्ये त्यांचा उजवा हात हलायला लागला. आधी पेन धरताना, मग चमचा धरताना. वाईला त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची कित्येक वर्षं त्यांना आईने भरवलं. त्यामुळे त्या घरात तो शब्द कुणी काढायचा नाही. क्लिनिकने वहिनींना पेशंटपासून उठवून फ्रंट डेस्कला बसवलं. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली ती लंडनची, म्हणजे आपल्या ऑन्टॅरिओतल्या लंडनची, आणि तीसुद्धा पार पुढच्या विंटरमधली. इथलं तुम्हाला माहितीच आहे. तोवर हात बरा होतो का जातो, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता. ते दोघं विनोद करायचे, पण प्रश्न तोच.

एका रविवारी वहिनी चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होत्या. बशा वाजत होत्या. आम्ही तिघंही टेबलाकडे बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. श्री पुढे झाला, ट्रे घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "टाकतेस का एकदा?" आणि त्यांच्या तळहातावर फासे ठेवले.

हात थांबला.

कमी झाला असं नाही. थांबला. मी बोटांकडे बघत होतो, बघणं माझं कामच आहे. त्यांनी कधी शिकलेलं नसताना फासे तीन बोटांत उचलले आणि सोडले. दोन्ही फासे जोडीने गेले, रबराला टेकले आणि एकमेकांना चिकटून पडले. श्रीला इतक्या रविवारांत ते एकदाही जमलं नव्हतं.

वहिनी स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होत्या. मग काकांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे."

*

पुढच्या रविवारी मी कंपनीतून व्हर्नियर घेऊन गेलो. फासे मोजले, पाण्यात टाकून बघितले, वजन एका बाजूला कललेलं आहे का ते तपासलं. फासे अगदी बरोबर होते. नवे विकत आणले. त्या नव्यांनीही तेच केलं.

मग म्हटलं, स्लो मोशनमध्ये शूट करू. हाताची ग्रिप तरी कळेल. मी कोपर टेबलाच्या कडेला घट्ट रोवलं, फोन दोन्ही हातांनी धरला, श्वाससुद्धा रोखला. वहिनींनी फासे टाकले.

व्हिडिओ बघितला. वहिनींचा हात दगडासारखा स्थिर. फासे एका रेषेत. आणि बाकीची सगळी फ्रेम थरथरतेय. टेबल, भिंत, मागचा घर गरम करायचा फर्नेस, सगळं. हात तेवढा जागच्या जागी.

"तू हलवलास," श्री म्हणाला.

"मी हलवला असता तर हातही हलला असता ना. हात कसा नाही हलला?"

त्यांची मुलगी ईशा जिन्यात उभी राहून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. ती म्हणाली, "अंकल, यू नीड अ ट्रायपॉड."

मी ट्रायपॉड आणला नाही. व्हिडिओसुद्धा डिलीट केला. का केला ते मला विचारू नका.

*

आणखी एक गोष्ट माझ्या आधी काकांच्या लक्षात आली. वहिनींच्या हातून जनावर निघत नव्हतं.

दोन फासे टाकले की सगळ्यात जास्त वेळा सातच यायला हवा. कितीही रियाज करा, मधूनमधून तो डोकावतोच. वहिनी दुपारभर टाकायच्या आणि बाकीचे सगळे आकडे यायचे. आधी आम्ही खूश झालो. श्रीने तर "कॅसिनोवाले तुला बघून शटर ओढतील" वगैरे बडबड केली. काका मात्र गप्प होत गेले.

एकदा ते म्हणाले, "वैशाली, एक मुद्दाम टाक बघू. जनावर टाक."

वहिनींनी प्रयत्न केला. फासे हवे तसे जुळवून टाकले, वेडेवाकडे टाकले, शेवटी डोळे मिटून भिरकावले. एक फासा फर्नेसखाली गेला. श्रीने पोटावर झोपून, टॉर्च लावून बघितलं. तरी नाही.

"छान आहे की मग," मी म्हणालो. "निघत नाही तर बरंच आहे."

काकांनी फासा उचलला आणि माझ्यासमोर धरला. "वरची आणि खालची बाजू मिळव. आता ही आणि ही मिळव. समोरासमोरच्या कुठल्याही मिळव. किती होतात?"

सातच होतात. कुठल्याही फाशाला होतात. हे मला शाळेपासून माहीत होतं, पण तरी मी बोट ठेवून पुन्हा मिळवून बघितलं.

"जनावर दिसलं नाही म्हणजे गेलं असं नसतं रे," काका म्हणाले. "घरातच असतं ते."

त्यानंतर काकांनी यायचं बंद केलं. मुलाकडे सिरियल बघतो म्हणाले.

*

श्रीच्या डोक्यात मात्र कॅसिनोच होता. त्याला जिंकायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "तिचा हात चार लोकांत स्थिर राहिला ना, की तिला स्वतःवर विश्वास येईल. ती परत कामावर जाईल." तोवर वहिनींनी क्लिनिकमध्ये खिशात फासे ठेवून बघितले होते. काही उपयोग झाला नव्हता. ते आमच्यापासून लपवलं होतं, पण मला कळलं.

एका शनिवारी दुपारी आम्ही नदीकाठच्या कॅसिनोत गेलो. पलीकडे डेट्रॉइटच्या इमारती, बाहेर घाण बर्फ, आत उन्हाळा. वहिनींनी ठेवणीतला ड्रेस घातला होता. टेबलाशी उभं राहिल्यावर तिथल्या माणसाने लांब काठीने फासे त्यांच्यापुढे सरकवले. तिथे फासे हातात देत नाहीत, काठीनेच पुढे लोटतात. श्री त्यांच्या शेजारी उभा होता, खांद्यावर हात ठेवून.

वहिनींनी फासे उचलले आणि हात सुरू झाला. इतका वाईट मी कधी बघितला नव्हता. फासे बोटांत कटकट वाजायला लागले. आजूबाजूचे लोक अदबीने दुसरीकडे बघू लागले, जसे आम्ही चहाच्या ट्रेच्या वेळी बघत होतो. त्यांनी कसेबसे टाकले, आकडा ठरला. पुन्हा टाकले आणि सात. टेबलावरचा माणूस तो शब्द मोठ्याने ओरडला. आम्ही तो कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता.

गाडीत वहिनी रडल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, "बाबांचा हात असाच वाजायचा. ताटावर." मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघत विंटर टायरच्या सेलबद्दल बोलत सुटलो. श्री काही बोलला नाही. तो विचार करत होता. मी त्याला ओळखतो, असा गप्प झाला की त्याने काहीतरी ठरवलेलं असतं.

*

दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मी गेलो तेव्हा वहिनी टेबलाशी होत्या आणि फोन शेल्फवर उभा करून वाईला आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. हात पुन्हा स्थिर. आई म्हणजे वहिनींच्या आई, नवऱ्याचं सगळं दुखणं काढलेली बाई, एकदम खणखणीत. लेक फासे खेळते याचं त्यांना काही वाटलं नाही. "आम्हीसुद्धा खेळायचो सोंगट्या," म्हणाल्या.

वहिनींनी फासे टाकले. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेहमीप्रमाणे श्री होता. फासे उचलून परत आणायचं काम पहिल्यापासून त्याचंच. त्याने उचलले, इकडे येऊन त्यांच्या हातात दिले. शेवटी वहिनी दमल्या आणि त्यांनी फासे श्रीच्या तळहातावर ठेवले.

"अगं, हातात नको देऊस," फोनमधून आई म्हणाल्या. "खाली ठेव, त्यांना उचलू देत. मीठ देतो का आपण कुणाच्या हातात?"

"आई, फासे आहेत ते," वहिनी म्हणाल्या.

श्री हसून म्हणाला, "आई, पण दान काय सुंदर पडतंय हिचं. बघितलंत ना?"

आई लगेच बोलल्या नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाल्या, "दान पडतंय खरं. पण श्रीकांतराव, दान म्हटलं की घेणारा लागतो. घेतंय कोण?"

आता दान म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. फाशांचं पडतं तेही दान, आणि पीडा टळावी म्हणून तेल-उडीद देतात तेही दान. ते घ्यायला कुणी सुखासुखी पुढे येत नाही. मला म्हणायचं होतं की आई, शब्दांचा खेळ आहे हा. पण श्री माझ्याआधी बोलला. अगदी साध्या आवाजात, भाजी आणतो म्हणावं तसा.

"मी घेतो ना, आई. घरातल्या घरात आहे."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. श्रीने मूठ मिटली आणि फासे खिशात टाकले.

त्या आठवड्यात वहिनींचा हात सोमवारी स्थिर होता, मंगळवारीही होता. रविवार उलटले तसा तो स्थिरच राहिला. उन्हाळ्यात त्यांनी सुईत दोरा ओवून मला दाखवला, लहान मुलीसारख्या खूश होऊन. श्री आता स्वतः फासे टाकत नसे. "मी फक्त उचलतो," म्हणायचा. चहा अर्धाच कप घ्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी.

*

आणि आता लंडनचा किस्सा.

अपॉइंटमेंटच्या दिवशी रस्त्यावर बर्फ होता. श्री म्हणाला, "तू चालव, माझे डोळे दुखतायत." मी माझीच गाडी काढली. दोन तास वहिनी मागच्या सीटवरून बोलत होत्या. क्लिनिकमधली त्यांची जुनी खुर्ची अजून रिकामी आहे, डॉक्टरांनी हो म्हटलं तर त्या सोमवारपासून पेशंट घेणार आहेत, पहिला पेशंट म्हणून मी आलंच पाहिजे. श्री माझ्या शेजारी बसला होता, हातमोजे घालून, हीटर चालू असताना.

मी वेटिंग रूममध्ये बसतो म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "नाही भाऊजी, आत या. हा डॉक्टरांचं अर्धंच ऐकतो."

डॉक्टर वयस्कर गोऱ्या बाई होत्या, शांत. त्यांनी वहिनींना दोन्ही हात पुढे धरायला लावले. बोट नाकाला लाव, माझ्या बोटाला लाव. एका कपातून दुसऱ्या कपात पाणी ओत. मग कागदावर गोल गोल चकली काढायला सांगितली. वहिनींनी काढली. मी दिवसभर ड्रॉइंग तपासणारा माणूस आहे, आणि मला त्या चकलीत चूक सापडली नाही.

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट चाळले, पुन्हा हात बघितला. म्हणाल्या की आज तरी मला काहीच दिसत नाही. कामावर जायला हरकत नाही. वहिनींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी उगाच भिंतीवरचा मेंदूचा तक्ता वाचत राहिलो.

निघायची वेळ झाली. आम्ही उठलो, जॅकेटं घातली. माझी घालून झाली, वहिनींची झाली. खोलीत बारीक आवाज येत होता, टिकटिक टिकटिक. मला वाटलं हीटर असेल.

श्रीच्या जॅकेटची चेन होती. हातमोजे त्याला काढावे लागले होते, आणि चेनचं खालचं टोक त्याला अडकवता येत नव्हतं. उजवा हात त्याच्या ताब्यातच नव्हता. तो आमच्याकडे पाठ करून उभा राहायला बघत होता, पण खोली लहान होती.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अँड यू, सर? हाउ लाँग हॅव यू हॅड दॅट?"

श्रीने हात खिशात घातला. खिसा हलत राहिला.

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळं त्या क्षणी कळलं. तसा चेहरा मी कुणाचा बघितलेला नाही, आणि परत बघायचाही नाही. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला, उघडा, अगदी स्थिर.

"परत दे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"श्री, माझं आहे ते. परत दे."

"नाही देत," श्री म्हणाला, आणि हसला.

डॉक्टरांना मराठी कुठून कळणार. त्यांनी वहिनींचा पसरलेला हात बघितला, श्रीचा खिसा बघितला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "शी इज राइट, सर. गिव्ह हर द कीज."

गाडीची किल्ली माझ्या खिशात होती.